वाडा वाळवताना : ऑगस्ट २०१९ ते जून २०२०

४ ऑगस्ट २०१९, रविवार

सकाळी सहाला काकांचा फोन. २०१६ च्या पुरानंतर त्यांच्या वाड्याची दुरुस्ती मीच केली होती. "गटारातून पाणी वर यायला लागलंय. तुम्ही येऊ नका, आम्ही माल वर घेतोय."

सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल या पट्ट्यात गंगा समोरून यायच्या आधी पाठीमागून येते. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) सरस्वती नाला रस्त्याखालून नदीला मिळतो. नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि पाणी चेंबरमधून उलटं वर येतं. नदी स्वतः येते ती नंतर. वरून त्र्यंबकला पाऊस थांबायला तयार नाही, गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतोच आहे.

दुपारी नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा दिसेनासा झाला. नाशकात पुराची मोजपट्टी तीच. गुडघ्याला पाणी म्हणजे बघायला जायचं, छातीला म्हणजे दुकान रिकामं करायचं, डोकं बुडालं की घरात बसून फोन करायचे. मी फोन केले.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज आत जाता आलं. वाडा तसा छोटा: पुढे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, मागे चौक, ओसरी, माजघर, वर दोन मजले. काळ्या दगडाचं जोतं, तळखड्यांवर (खांबाखालचे दगड) सागवानी खांब, दोन फुटी भिंती, बाहेरून भाजलेली वीट आणि आत पांढऱ्या मातीचा भराव. दुकानाखाली तळघर. ते काठोकाठ भरलेलं.

पाण्याची रेघ दुकानात चार फूट आठ इंच. पाणी साधारण तीस तास उभं होतं. वास सांगायला नको, नाल्याचंच पाणी ते.

माणसं सुखरूप, माल बराचसा वर गेलेला. पितळेला पुराचं काय? धुतलं की झालं. प्लायवूडची कपाटं मात्र पोळीसारखी फुगली आहेत.

भिंती वरवर अगदी चांगल्या दिसतात. गिलावा कुठे सुटला नाही, रंग पुसला की स्वच्छ. काका म्हणाले, "२०१६ ला तुम्ही केलेलं काम बघा कसं टिकलं!" मीही मान डोलावली. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर याच भिंतींना मी सिमेंटचा गिलावा केला होता, वॉटरप्रूफिंगची पावडर घालून, वर पुट्टी आणि ऑइलपेंट.

७ ऑगस्ट

गाळ. दिवसभर गाळ.

ओला आहे तोवर फावड्याने निघतो, वाळला की छिन्नी लागते. त्यामुळे बाकी सगळं सोडून आठ बिगारी याच कामाला लावले. सगळ्यांना गमबूट, हातमोजे. ज्याच्या पायाला जखम आहे त्याला आत घेतलं नाही. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळी डॉक्टरांना विचारून. घंटागाडीने चार खेपा नेल्या, तरी गल्लीच्या तोंडाशी ढीग तसाच.

एकाने फरशी धुवायला ब्लिचिंग पावडर टाकली आणि दुसरा संडास साफ करायचं अॅसिड घेऊन आला. बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद माजघरात त्याला बाहेर जायला वाट नाही. शिवाय गाळ असेपर्यंत ब्लिचिंग टाकण्यात अर्थ नाही; घाणीतच त्याचा जोर संपतो. आधी गाळ, मग पाण्याने धुणं, मग ब्लिचिंग, आणि तेही फरशीवर. मातीच्या भिंतीवर पाण्याचा पाइप मारायचा नाही हे तीनदा ओरडून सांगितलं.

८ ते १० ऑगस्ट

तळघर उपसणं. गल्लीत सगळीकडे पंप घुरघुरत होते, शेजारच्या दुकानदाराने दोन तासांत तळघर कोरडं केलं. आपल्याकडे तीन दिवस. रोज तिसरा हिस्सा, भिंतीवर खडूची खूण करून.

काकांच्या मुलाला हे पटेना. त्याला सांगितलं, बाहेरची माती भिजून जड झाली आहे आणि भिंतीला आत ढकलते आहे. आतलं पाणी तेवढ्याच जोराने तिला बाहेर धरून आहे. ते एकदम काढलं तर भिंत एकटी पडते. बाहेरचं पाणी उतरेल तसं आतलं उतरवायचं. दुसऱ्या दिवशी खडूच्या खुणेवर बोटभर पाणी पुन्हा चढलेलं त्याने स्वतः पाहिलं, मग गप्प बसला.

रिकामं झाल्यावरही लगेच खाली उतरू दिलं नाही. कुजकं पाणी साचलेल्या बंद जागेत वायू धरतो. पंख्याने अर्धा दिवस हवा खेळवली, दोरी बांधून एक माणूस, वर दोन.

११ ऑगस्ट

मातीची भिंत भिजली की तिची ताकद जाते, आणि जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा बसतोच. त्यामुळे माजघराच्या तुळयांखाली सहा टेकू. ओसरीच्या कोपऱ्यात एक जुनी चीर आहे, तिच्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लास्टरने आडव्या चिकटवल्या, तारीख टाकून. भिंत हलली तर काच तडकते. यंत्रापेक्षा माझा या काचेवर जास्त विश्वास आहे, कारण तिला बॅटरी लागत नाही.

तळमजल्याचा वीजपुरवठा मुख्य बोर्डापासूनच तोडलेला आहे. वायरमन म्हणाला, "कोरडं दिसतंय, एकदा चालू करून बघू?" नाही. मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासलं: दुकानाच्या सर्किटला एक मेगओहमसुद्धा मिळेना, म्हणजे आत ओल आहेच. तळातले बोर्ड सगळे जाणार. नवे घेताना पाच फुटांच्या वर घ्यायचे, हे २०१६ लाच ठरलं होतं. केलं नव्हतं.

सांगली-कोल्हापूरच्या बातम्या बघवत नाहीत. भाड्याने पंप देणारा म्हणाला, त्याचे सगळे पंप तिकडे चाललेत, आपले दोन उद्या परत द्या.

१४ ऑगस्ट

पहिली मोजणी. खांबांना सुयांचा मीटर लावला. तळखड्याजवळ ३८ टक्के, सहा फुटांवर १७. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशीला निमंत्रण, आणि ती बरेच महिने तशीच राहिली तर सागवानही कुजतं. आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. भिंतीला तोच मीटर लावला तर आकडा भलताच येतो. तो लाकडासाठी बनवलेला आहे, आणि भिंतीतल्या क्षारांनी आणखी फसतो. भिंतीचा नमुना काढूनच बघावं लागेल.

काकू रोज दुपारी सगळ्या खिडक्या उघडतात. घरातलं तापमान २५, आर्द्रता ९० टक्के. बाहेर दुपारी २८ आणि ७५ टक्के. ७५ बघून मलाही बरं वाटलं होतं. मग रात्री कोष्टक काढून बसलो. २५ अंशांच्या ९० टक्के हवेत एका घनमीटरला साधारण २०.७ ग्रॅम पाणी. २८ अंशांच्या ७५ टक्के हवेत २०.४. म्हणजे आम्ही ओली हवा बाहेर घालवून तितकीच ओली हवा आत घेत होतो. टक्केवारी कमी दिसते ती हवा गरम असते म्हणून.

तरी खिडक्या बंद करा म्हणालो नाही. कुबट वास तरी जातो.

१९ ऑगस्ट

डीह्युमिडिफायर आला. दिवसाला पन्नास लिटर पाणी ओढतो म्हणे, भाडं विचारू नका. माजघराची दारं प्लॅस्टिकने बंद केली, दोन मोठे पंखे भिंतीच्या कडेने. रात्री तळाच्या बादलीतलं पाणी मोजायचं काम आजींनी मागून घेतलं. त्यांना ८१ वर्षं झाली आहेत आणि रात्री झोप येत नाही.

आजींची वही: पहिला दिवस ३१ लिटर, दुसरा २९, तिसरा २४, चौथा २२, पाचवा २२, सहावा २२.

२४ ऑगस्ट, शनिवार

दोन गोष्टी.

एक. काकांच्या मुलाने मदत म्हणून काल रात्रभर ओसरीच्या खांबाशेजारी पाचशे वॅटचे दोन हॅलोजन लावून ठेवले. सकाळी खांबाला तीन फुटांची उभी चीर. मीटर वरच्यावर १२ दाखवतो, लांब सुया आत घातल्या की ३०. बाहेरचं लाकूड वाळून आकसलं, आतलं फुगलेलंच, मग मधे फाटणारच. शंभराहून जास्त वर्षं उभा आहे तो खांब. चिरेने पडणार नाही, पण पोराचा चेहरा पाहवेना. त्याला रागावलो नाही. मीच त्याला सांगायला हवं होतं.

दोन. बादली २२ लिटरवर का अडली? आज शिडी लावून कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फटींतून उदबत्तीचा धूर पाहिला. तो सरळ वर, आणि चौकातली हवा खालून आत. वाड्याला मध्ये आकाश असतं, हे मी यंत्र आणताना विसरलो. भिंत राहिली बाजूला, आम्ही भाडं भरून श्रावण वाळवत होतो.

यंत्र सोमवारी परत.

२७ ऑगस्ट

गेले दोन दिवस ज्या गोष्टीला टाळत होतो ती आज केली. दुकानाच्या मागच्या भिंतीत फूटभर उंचीवर सिमेंटचा एक चौकोन फोडला.

गिलावा टणक, छिन्नीला दाद देईना. पोपडा निघाला तसा मागून चिखल घरंगळला. चिखलच, बोट घातलं तर दोन पेरं आत जात होतं. पूर उतरून तीन आठवडे झाले होते आणि बाहेरून ही भिंत हात लावला तर कोरडी होती.

आजी बसल्या होत्या, म्हणाल्या, "फडताळामागे बघा." भिंतीतलं जुनं फडताळ २०१६ ला तसंच ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्या मागचा चुन्याचा गिलावा वाचला. लाकडी पाठ काढली. चुना काही ठिकाणी गळला आहे, पण भिंत हाताला घट्ट लागते. आणि तिथे गेरूच्या रेघा आहेत. सगळ्यांत वर १९६९. मग २००८. त्याखाली २०१६. १९६९ ची रेघ आजींच्या सासऱ्यांच्या हातची, या वेळच्या पाण्याच्या हातभर वर. आजी तेव्हा नव्याने या घरात आल्या होत्या. सांगत होत्या की पाणी उतरल्यावर सासऱ्यांनी भिंतींना वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही, पुढच्या दसऱ्याला चुना मारला.

छिन्नी-हातोड्याने दोन नमुने काढले, दोन्ही एकाच भिंतीचे, एकाच उंचीवरचे, आतल्या चार इंचांतले. ड्रिल वापरलं नाही. त्याच्या उष्णतेने भुकटीतली ओल उडते. स्टीलच्या डब्यांत घालून चिकटपट्टी लावली. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मित्राच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर चोवीस तास.

२९ ऑगस्ट

निकाल. सिमेंटखालच्या नमुन्यात ओल १९.२ टक्के. चुन्याखालचा ९.६.

काका-काकूंसमोर बसून सांगितलं. २०१६ ला पाणी भिंतीत होतं, दोन महिने थांबलो आणि वरून कोरडी वाटली म्हणून सिमेंटने बंद करून टाकली. जोत्यातून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून उडून जात असे, तिलाही वाट राहिली नाही. २०१७ पासून काकू सांगत होत्या की रंगाला फुगे येतात. मी पुट्टीचा दोष म्हणून दोनदा घासून परत मारून दिली. या पुराने वरच्या फटींतून, विटांतून, जमिनीतून पाणी आत नेलं आणि माझ्या गिलाव्याने ते धरून ठेवलं. टिकलं ते काम असं टिकलं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काढायला किती दिवस?"

मजुरी माझी, हे आधीच ठरवून गेलो होतो.

२ सप्टेंबर, सोमवार

गणपती वरच्या मजल्यावर बसले. काम बंद.

५ ते १३ सप्टेंबर

सिमेंट काढणं. ब्रेकर नाही, हाताने. तात्या मिस्त्री आणि त्यांचे दोन गडी. तात्यांना जुन्या वाड्यांची सवय आहे, छिन्नी ते भिंतीला आडवी धरतात, काटकोनात मारत नाहीत. एका वेळी तीन फुटांचा पट्टा, मग एक सोडून पुढचा. सगळं एकदम उघडलं तर भिजलेली माती सुटेल. माजघरात एका जागी सुटलीच. तिथे विटांचा पदर बाहेर आलेला, आत पोकळी. ती चुन्यात विटांचे तुकडे बसवून भरली.

पुराच्या रेघेच्या दोन फूट वरपर्यंत काढलं. ओल तिथवर चढली होती.

जमिनीचंही तेच. २०१६ च्या चकचकीत टाइल्स, खाली सिमेंटचा थर. जमिनीतली ओल टाइल्समधून वर येऊ शकत नाही, मग कडेला सरकते आणि भिंतीत शिरते. भिंतीलगत दीड फुटाचा पट्टा सगळीकडून उखडला, तळाला वाळू-खडी टाकली. दुकान खंदक खणल्यासारखं दिसतंय.

उत्तरेची भिंत सामाईक. पलीकडे शेजाऱ्यांच्या दुकानात तिला छतापर्यंत टाइल्स. ते म्हणाले, "आमच्याकडे ओल नाहीच." असणारच नाही दिसायला.

४ ऑक्टोबर

काकांचा एकच प्रश्न, कधी वाळणार. पुस्तकी अडाखा असा की जाड भिंतीला इंचामागे एक महिना. दोन फुटांची भिंत, दोन्ही बाजू उघड्या असतील तर बारा इंच एका बाजूने, बारा दुसऱ्या. म्हणजे पुढचा ऑगस्ट. सामाईक भिंत एकाच बाजूने वाळणार, तिला दुप्पट. हा अडाखा आहे, कायदा नाही, पण मला त्याहून चांगलं उत्तर येत नव्हतं.

"आणि दिवाळी?"

भांड्यांच्या दुकानाला वर्ष एकीकडे आणि धनत्रयोदशी एकीकडे. ठरलं ते असं: दुकान उघड्या विटांत सुरू करायचं. लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर पुढे, मागून हवा जाईल असे. प्लायवूड नाही. वायरिंग उघड्या पाइपातून, बोर्ड साडेपाच फुटांवर.

२५ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दुकान फुल्ल. विटांच्या भिंतीसमोर पितळ फार देखणं दिसतं हे कबूल करायला हवं. एका बाईंनी काकांना विचारलं, "हे इंटिरियर कुणाकडून करून घेतलं?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पाऊस मात्र जात नाही. विधानसभेचं मतदान सोमवारी झालं, दिवाळी आली, आणि छत्र्या अजून दाराशी.

९ नोव्हेंबर

अरबी समुद्रात एकामागून एक वादळं, इथे अवकाळी. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची वाट लागली; त्यापुढे आमची भिंत काय.

ऑक्टोबरअखेरचा नमुना १६.५. मला पंधराच्या आत अपेक्षित होता.

पाचेक फुटांवर पांढरा पट्टा फुटला आहे, कापसासारखा. लोणा. भिंतीतलं पाणी जिथून उडतं तिथे त्यातले क्षार मागे राहतात. नाल्याच्या पाण्यात क्षारांना तोटा नाही, आणि सिमेंटनेही आपले दिले. गंमत अशी की हा पट्टा सकाळी ओला दिसतो, दुपारी पांढरा. बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं तेच हे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं. म्हणजे भिंत वाळली तरी लोणा राहिला तर दर पावसाळ्यात ती ओली दिसणार आणि कुणीतरी माझ्यासारखा येऊन तिच्यावर वॉटरप्रूफिंग मारणार.

कोरड्या ब्रशने झाडायचं, सुपात गोळा करून बाहेर टाकायचं. पाणी लावायचं नाही, लावलं की परत आत जातं. गडी रोज झाडतो आणि रोज येतं.

१६ डिसेंबर

थंडी पडली. आता कुठे गणित आपल्या बाजूने फिरलं. दुपारी बाहेर २८ अंश, ३० टक्के: घनमीटरला आठ ग्रॅमच्या आसपास. ऑगस्टच्या निम्म्याहून कमी. काकूंना सांगितलं, आता उघडा खिडक्या, सकाळी दहा ते सहा, सगळ्या. पंखे तळाशी. काकू म्हणाल्या, "तेव्हापासून तेच तर करतेय."

नमुना १२.८. खांबाचा तळ १९. हॅलोजनवाला खांबही आतून १८. चीर तेवढीच आहे.

काचेच्या तिन्ही पट्ट्या शाबूत. चार टेकू काढले, दोन ठेवले.

चौकात टाकी ठेवून कळीचा चुना विझवला. तो फसफसताना तात्यांनी सगळ्यांना दहा फूट मागे उभं केलं, एकदा डोळ्यात उडाला की खेळ संपतो. विझलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला. जितका मुरेल तितका चांगला.

३० जानेवारी २०२०

भिंतीवरचा लोणा काढायला लेप. मुलतानी माती, कागदाचा लगदा, बारीक वाळू, डिस्टिल्ड वॉटर. अर्ध्या इंचाहून थोडा जाड थापला. लेप सुकताना भिंतीतलं क्षाराचं पाणी स्वतःकडे ओढतो, आणि सुकला की क्षारासकट सुटून पडतो. तीन आठवड्यांनी पडला. तात्यांनी आधी हसून घेतलं, "भिंतीला फेसपॅक." पडलेला तुकडा जिभेला लावून बघितल्यावर हसायचे थांबले.

दुसरा लेप फेब्रुवारीत. नमुना ९.७.

१२ मार्च

७.४. चुना, सुरखी (विटांची भुकटी), चाळलेली वाळू सगळं तयार. गुढीपाडव्यानंतर गिलावा सुरू करायचा. तात्यांना तारखा दिल्या. चुन्यात घालायला बेलफळ आणि गूळ लागेल असं त्यांनी सांगितलंय. बेलफळं कुठून आणायची तेही तेच बघणार आहेत.

२५ मार्च, गुढीपाडवा

सगळं बंद. मी सिडकोत, वाडा गावात, मधे पोलीस. चुना पाण्याखाली आहे, त्याचं काही बिघडत नाही.

१९ एप्रिल

फोनवरून काम. काकांच्या मुलाला नमुना काढायला शिकवलं. प्रयोगशाळा बंद, पण पितळ किलोवर विकणाऱ्या दुकानात तोलकाटा असतोच, एक ग्रॅमचा. दोनशे ग्रॅमचा नमुना घ्यायचा, म्हणजे चूक अर्ध्या टक्क्याची. भट्टी म्हणजे काकूंचा केकचा ओव्हन, शंभरवर लावून, दर तासाला वजन, ते उतरायचं थांबेपर्यंत. सात तास लागले. काकू फोनवर: "माझ्या ओव्हनमध्ये भिंत भाजली हो तुम्ही." आता त्यात केक करणार नाहीत म्हणाल्या.

६.५. उत्तरेची सामाईक भिंत १४.५.

दुपारी ३८ अंश, आर्द्रता १८ टक्के. दुकान बंद, रॅक रिकामे, सगळी दारं सताड. मी आखलं असतं तरी भिंतींना इतकी मोकळी उन्हाळ्याची सुट्टी मिळाली नसती. एरवी गिलावा पाडव्यालाच चढला असता.

२४ मे

५.१. सामाईक भिंत १३.४. खांब १० ते ११. लोण्याचा पट्टा दोन ठिकाणी सोडला तर गेला. मुलाने आकड्यांचा आलेख करून पाठवला आहे, माझ्यापेक्षा नीट. ऑगस्ट ते नोव्हेंबर जवळजवळ आडवी रेघ, डिसेंबरपासून उतार.

४ जून

काल निसर्ग वादळाचा पाऊस दिवसभर. आज तीन महिन्यांनी वाड्यात पाय ठेवला, मास्क लावून. दक्षिणेच्या पाख्यावरची चार कौलं सरकलेली, वरच्या मजल्यावर एक बादली ठेवली आहे. खालच्या भिंतींना काही नाही. हवा पुन्हा दमट झाली, तशी ती चुन्याला चालते. गिलावा भरभर सुकून तडकण्यापेक्षा बरं.

तात्यांना सोमवारपासून बोलावलं आहे. त्यांचे गडी गावी गेलेत, एकच राहिला आहे, तेव्हा काम सावकाश. पहिला हात पूर्व आणि दक्षिण भिंतीला, जाडी बोटभरापेक्षा कमी. फडताळामागचा जुना तुकडा तसाच ठेवायचा. तिथे आजींनी २०१९ ची रेघ कधीच ओढून ठेवली आहे, २०१६ च्या थोडी वर.

उत्तरेची भिंत उघडीच राहणार. शेजाऱ्यांना पुन्हा विचारलं, तळाच्या चार ओळी टाइल्स काढू द्या, खर्च आमचा. म्हणाले, दुकान सुरू होऊ दे, दिवाळीनंतर बघू. आज तिथला नमुना १३.१. पुढचा १ जुलैला.